थांबल्यावरचं पाऊल

१

करुणाचं काम लोकांना सांगितलं तर खरं वाटायचं नाही. माणसं बोलवायची, त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवायचं, खेळायला लावायचं आणि आपण मागच्या खुर्चीत गप्प बसून बघायचं. माणूस कुठं अडतो, कुठं कंटाळतो, कुठं नकळत पुढं झुकतो, हे पाहायचं. खेळून झालं की विचारायचं, कसं वाटलं. सांगतील ते ऐकून घ्यायचं, वाद घालायचा नाही.

आखाडा बाळापुरात नांदेड रस्त्याला हरिचंद सेठचं हळदीचं गोदाम होतं. त्याच्यावरची खोली तिने या कामासाठी भाड्याने घेतली होती. दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि उन्हाळा म्हणून खिडकीला ओलं गोणपाट. खाली दिवसभर हमालांची ये-जा चालायची. हळदीची पिवळी धूळ जिन्यावरून वर चढायची आणि कीबोर्डच्या फटींत जाऊन बसायची. पुण्यात काही वर्षं काढून ती गावी परतली, तेव्हा आई लक्ष्मीबाई एवढंच म्हणाली होती, "घरातून काम होत असंल तर मग तिकडं कशाला राहतीस." शेजारपाजारचे मात्र अजून विचारायचे की पोरांना गेम खेळायला शिकवायचे किती घेते.

गेमचं नाव होतं 'उसळी'. तारा नावाची हमालाची लेक, हातात पोती ओढायचा लोखंडी हूक, आणि बाजारातल्या टोळीशी एकटीची मारामारी. कोड तिचा भागीदार प्रमोद लिहायचा, पुण्यात बसून. जागा आणि आवाज करुणाचे. तिसरा टप्पा गोदामाचा होता आणि तो तिने खालच्याच गोदामावरून रचला होता. टेप लावून मापं घेतली होती, फोटो काढले होते. पोत्यांच्या थप्प्यांमधल्या अरुंद बोळी, छताच्या पारदर्शक पत्र्यांतून पडणारे उन्हाचे पट्टे, सगळं तसंच्या तसं.

खेळून बघणाऱ्यांत तिचा सगळ्यात भरवशाचा माणूस होता रणजीत. कॅनॉलपलीकडच्या तांड्यावरचा, ट्रॅक्टर चालवायचा, आणि दुपारी काम नसलं की यायचा. त्याचं बोलणं सरळ असायचं.

"हूक जड वाटतो, ताई. म्हंजी चांगलाच वाटतो. पण एकदा हाणला की पोरगी लवकर सावरत न्हाई. तवर दोघं येऊन पडतात अंगावर."

त्या दिवशी त्याच्यासोबत त्याची बायको रुपाही आली होती. लेकराला दवाखान्यात दाखवून दोघं परत चालली होती. लेकरू बापाच्या खांद्यावर झोपलं होतं, म्हणून करुणाने सहज रुपाला विचारलं, बघायचंय का खेळून. रुपाने आधी नको म्हटलं, मग पदर खोचून बसली.

ती रणजीतसारखी धडाधडा खेळली नाही. गोदामात शिरल्यावर प्रत्येक थप्पीपाशी थांबली, डोकावली, मग पुढं गेली. तिला बघताना करुणाला वाटलं की घरात कोणी नसताना बाई अशीच चालते. टप्पा संपला. रुपाने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"कसं वाटलं?"

"बरं हाय की. मागची बाई कवा पुढं येती?"

"मागची कोण?"

"ही थांबली की मागून एक पाऊल वाजतंय ना. ती." रुपाने रणजीतकडे पाहिलं, जणू हे त्यालाही ठाऊकच असणार. "अनवाणी हाय. ती बी थांबती, पण जरा उशिरा."

गेममध्ये मागून चालणारं कोणीच नव्हतं. करुणाने मान हलवली आणि शहाण्यासारखं म्हणाली, "बघते."

२

तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. चालणारं पात्र थांबतं तेव्हा शेवटचं पाऊल कधीकधी दोनदा वाजतं. पाय जमिनीला एकदा लागतो तो चालण्यात आणि एकदा सावरण्यात. नेहमीचा घोळ. तिने प्रमोदला फोन केला.

"कोडमध्ये तसं काही दिसत नाही," प्रमोद थोड्या वेळाने म्हणाला. "पाय टेकला की आवाज. नाही टेकला तर नाही. पण एक अट घालून ठेवतो. तारा उभी असली की पावलाचा आवाज लागणारच नाही. मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी रणजीतला तिने मुद्दाम सांगितलं, घाई करू नको, थांबत थांबत खेळ. तो थांबला. परत थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा त्याने कंट्रोलर खाली ठेवला आणि हेडफोनवर दोन्ही तळहात दाबून धरले.

"हाय," तो म्हणाला. "बराबर बोलली रुपा. मी इतके दिवस पळूनच राहिलो होतो, म्हणून कळलं न्हाई."

तो गेल्यावर करुणा स्वतः बसली. हा टप्पा तिने बनवला होता, शेकडो वेळा खेळला होता. पण तिच्याही लक्षात आलं की आपण त्यात कधी थांबलोच नाही. कुठून कोण उडी मारणार हे माहीत असलेला माणूस थांबेल कशाला. तिने ताराला मधल्या बोळीत नेलं आणि बटणावरचं बोट काढलं.

ताराच्या चपलांचा आवाज थांबला. पत्रा तापल्याची टकटक ऐकू येत होती, ती करुणानेच घातली होती. मग डाव्या कानात, जरा मागे, धुळीत पाय टेकल्याचा मऊ आवाज आला. एकच. पाय टेकवणाऱ्याला आपला अंदाज चुकल्याचं कळावं आणि त्याने तिथंच स्वतःला आवरावं, तसा.

तिने पुन्हा चालवलं, पुन्हा थांबवलं. पुन्हा तेच. तिने स्क्रीनवर ताराला मागे वळवलं. बोळ रिकामी होती. पोती, उन्हाचा पट्टा, पिवळी जमीन.

कोडमधली अट जागेवर होती. प्रमोदने घातलेली ओळ तिने स्वतः वाचून पाहिली. मग ती उठली, गोणपाटावर पाणी मारलं आणि उगीचच खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारू लागली. दोन-तीन फेऱ्यांनंतर तिच्या लक्षात आलं की आपण थांबायचं टाळतोय. तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं आणि ती खाली चहाला गेली.

३

प्रमोदला ते फार आवडलं.

"अगं, हैदराबादच्या त्या गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीला मी आपल्या खेळाचा परवाचा बिल्ड दाखवला होता," तो फोनवर सांगत होता. "त्यांनी मारामारीबद्दल चार वाक्यं लिहिली आणि त्या पावलाबद्दल अर्धं पान. म्हणतात, असा अंगावर काटा कुठल्याच खेळात आला नाही. तू कसं केलंस ते सांगू नकोस, पण काढू नकोस."

"मी केलेलं नाही प्रमोद."

"तेच तर म्हणतोय. चुकून जमलेलं कधी मोडू नये. त्यांनी पसंत केलं तर आपण वर्षभर निवांत काम करू शकतो, करुणा. बाकी सगळं तू ठरव, एवढं राहू दे."

आवाज तिच्या हाताखालचा होता, आणि तो कुठून येतो हे तिलाच माहीत नव्हतं. असं याआधी कधी झालं नव्हतं.

त्या आठवड्यात रणजीत रोज यायला लागला. मारामारी त्याने सोडून दिली होती. गुंडांना चुकवून तो ताराला मधल्या बोळीत न्यायचा, दोन पावलं टाकायचा, थांबायचा, ऐकायचा. प्रमोदनेच त्याला फोन करून सांगितलं होतं की याचा शेवट कुठं होतो ते शोध.

"जवळ येतंय ताई," रणजीत एकदा म्हणाला. स्क्रीनवरची नजर त्याने काढली नव्हती. "दर वक्ताला जरासं. आधी मागच्या थप्पीपाशी वाजायचं. आता हिच्या खांद्यापाशी वाजून राहिलं. आन् उशीर बी कमी झालाय. आधी ही थांबली की मंग वाजायचं. आता हिच्यासंगंच थांबायला बघतंय."

"आवाजाचं गणित असतं रणजीत. कुठंतरी चुकलंय."

"असंल," तो म्हणाला. "पण शिकून राहिलंय ते."

४

मग करुणाने ती गोष्ट केली जी तिने पहिल्याच दिवशी करायला हवी होती. तिने मूळ रेकॉर्डिंग उघडलं.

ताराची पावलं तिची स्वतःची होती. हिवाळ्यात एका सुट्टीच्या दुपारी, हमाल नसताना, हरिचंद सेठकडून चावी घेऊन ती खालच्या गोदामात गेली होती. कमरेला रेकॉर्डर बांधला होता आणि बोळींमधून ती चालली होती. हळू, जलद, धावत, थांबत. नंतर त्यातले नेमके तुकडे कापून तिने खेळात घातले होते. पूर्ण रेकॉर्डिंग सलग असं तिने कधी ऐकलंच नव्हतं.

आता ती ऐकत बसली. चपला, चपला, चपला. थांबल्या. पत्र्यावर कबुतर. आणि मग ते पाऊल.

प्रतिध्वनी, तिने स्वतःला सांगितलं. बंद गोदाम, पत्र्याचं छत. पण प्रतिध्वनी चपलेचा चपलेसारखाच येणार. हे पाऊल अनवाणी होतं. टाचेआधी बोटं टेकल्याचंही कळत होतं. ती पुढं ऐकत राहिली. शेवटी शेवटी तिचाच आवाज होता, रेकॉर्डर बंद करण्याआधीचा: "झालं वाटतं." त्यानंतर शटरकडे जाणाऱ्या चपला. या वेळी मागचं पाऊल मध्ये थांबलं नव्हतं. तिच्या प्रत्येक पावलाच्या किंचित मागे ते शटरपर्यंत वाजत आलं होतं.

करुणा खुर्चीतून उठली आणि जिन्याचं दार लावून घेतलं. खाली हमाल एकमेकांना हाका मारत होते. कुणीतरी शिंकलं, कुणीतरी हसलं. इतक्या माणसांच्या गजबजाटावर बसून आपण एका आवाजाला भ्यावं याची तिला लाज वाटली.

तरी त्याच संध्याकाळी तिने ते सगळे तुकडे काढून टाकले. त्या जागी विकतचे आवाज घातले, कुठल्यातरी परदेशी स्टुडिओत फरशीवर चाललेल्या माणसाचे. मग खेळून पाहिलं. तारा थांबली, आणि थांबली. त्यानंतर काही वाजलं नाही.

प्रमोद चिडला. दोन दिवस तो नीट बोलला नाही. करुणाला त्या दोन रात्री छान झोप लागली.

५

मंगळवारच्या बाजारात तिला रुपा भेटली. कडेवर लेकरू, हातात भाजीची पिशवी. रुपा तिच्याकडे बघून हसली नाही.

"ताई, तुमच्या त्या खेळात काय हाय?"

"काहून?"

"हे घरी आले की धड बसत न्हाईत. अंगणात चालतात, मधीच थांबतात. मान अशी वाकडी करून उभं राहतात. मंग परत चालतात. लेकराला घेऊन बी तसंच. काल माझ्या सासूनं, मिराबाईनं, इचारलं तर म्हणले, जरा गप बस, आई, ऐकू दे."

"आता तो आवाज काढून टाकलाय रुपा. खेळात काहीच राहिलेलं नाही."

"ते मला बी म्हणले तसं." रुपाने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्हणले, खेळातून काढलं तर काय झालं, खाली हाय ना."

बाजाराचा गोंगाट चालू होता आणि ती रुपाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुमीच बोलावलं होतं त्यायला," रुपा म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "तुमीच नको म्हणून सांगा. माझं ऐकत न्हाईत."

करुणाने तिथूनच रणजीतला फोन लावला. चाचणी बंद आहे, आता यायचं नाही, कळवेपर्यंत नाही. तो "व्हय ताई, व्हय ताई," म्हणत राहिला. इतकं पटकन ऐकणारा तो माणूस नव्हता.

६

दोन दिवसांनी बाजार समितीला सुट्टी होती. गोदाम बंद, हमाल गावाला गेलेले. दुपारी करुणा खोलीवर आली, ती कॉम्प्युटर बंद करून खोली आवरायला. जिन्याच्या तोंडाशी तिला रणजीतच्या चपला दिसल्या, नीट जोडून ठेवलेल्या. गोदामाचं बाजूचं लहान दार उघडं होतं.

आत जायच्या आधी तिने हाक मारली. उत्तर आलं नाही.

आत हळदीचा कडवट वास होता आणि भट्टीसारखी धग. छतातल्या पारदर्शक पत्र्यांतून उन्हाचे पट्टे उतरले होते आणि त्यांत पिवळी धूळ तरंगत होती. तिने स्वतः इतक्या वेळा घडवलेली जागा, पण खरी जागा खेळातल्यापेक्षा जास्त अरुंद वाटली. मधल्या बोळीत रणजीत उभा होता, तिच्याकडे पाठ करून, हात सैल सोडून. मान एका बाजूला कललेली.

"रणजीत."

त्याने वळून पाहिलं नाही. फक्त एक हात हळूच वर केला. थांबा.

ती थांबली. आपण का थांबलो हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. पत्रा टकटकत होता. बाकी सगळं शांत होतं, पावलाचा आवाजही आला नाही. तिने अडवून धरलेला श्वास सोडला.

"सकाळी त्या टोकाच्या थप्पीपाशी होतं," रणजीत कुजबुजला. "मी चाललो, थांबलो, चाललो, थांबलो. असं करत इथवर आणलं. आता वाजत बी न्हाई. शिकलं."

"घरी चल. रुपा वाट बघत असंल."

"तिनं गाडीची चावी लपवून ठेवलीय. चालतच आलो." तो हे हसत सांगायला गेला, पण त्याचे दात एकमेकांवर आपटत होते. एवढ्या धगीत. "ताई, मला मागं बघायचंय आन् होत न्हाई. तुमी बघा. माझ्या मागं, डाव्या हाताला."

ती दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. डाव्या हाताला दोन थप्प्यांच्या मध्ये वीतभर फट होती. पलीकडच्या बोळीत उन्हाचा पट्टा पडला होता आणि त्या पट्ट्यात तिला एक टाच दिसली.

उचललेली टाच. बोटं जमिनीवर, टाच अधांतरी, चालता चालता मध्येच थांबलेल्या माणसाची असते तशी. हळदीने माखलेली. टाचेच्या भेगांमध्ये पिवळं घट्ट बसलं होतं, वर्षानुवर्षांचं. घोट्याच्या वर पोती आड येत होती. घोट्यामागची शीर ताणली होती आणि बारीक थरथरत होती. तो पाय तसाच धरून ठेवायला कष्ट पडत होते. तो खाली टेकायची वाट बघत होता.

करुणाला कळलं की तो आपली वाट बघतोय. आपण पाय उचलला की तो टेकणार.

किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. तिच्या डोक्यात विचार चालू होते, आणि ते सगळे शहाणे होते. कोणीतरी हमाल मागे राहिला असेल. कोणीतरी वेडसर बाई सावलीला येऊन राहिली असेल. हाक मारावी, विचारावं, काय गं, भूक लागली का. तोंड उघडायला ती तयार होती. पण ती शीर थरथरत होती, आणि तिच्याच उजव्या पोटरीतली शीर त्याच तालात थरथरायला लागली होती, म्हणून तिने तोंड उघडलं नाही.

तिने हात लांब करून रणजीतचं मनगट पकडलं.

"चल," ती म्हणाली. "आता मधी थांबू नको. काहीही झालं तरी."

ते चालले. फटीकडे तिने पाहिलं नाही. तिच्या चपला वाजत होत्या, त्याचे अनवाणी पाय वाजत होते. तिसरं काहीच वाजत नव्हतं. त्यामागचं कारण तिला ठाऊक होतं. उशिरा टेकायची जी चूक दुरुस्त करायला तिला आणि प्रमोदला जमलं नव्हतं, ती त्या पावलाने स्वतःच दुरुस्त केली होती.

७

रणजीतने चपला घातल्या त्या जवळजवळ चालता चालताच. बाहेर नांदेड रस्त्यावर ऊन होतं, ट्रक होते, उसाच्या रसाच्या गाड्याची घंटी होती. दोघं रस्त्याच्या कडेने चालत राहिले. एका ट्रकने हॉर्न दिला तेव्हा रणजीत दचकून थबकायच्या बेतात होता. तिने त्याला ओढलं.

"किती चालायचं ताई?"

"घरापर्यंत. घरी गेल्यावर आपल्या माणसांत मग बघू."

पण घरं दोघांची वेगळीकडे होती. पेट्रोल पंपाच्या पुढे तांड्याकडे जाणारी कॅनॉलची वाट फुटायची, आणि करुणाचं घर गावात, बुद्धविहारामागे. तो फाटा जवळ आला तशी दोघांचीही पावलं मंदावली आणि मंदावली म्हणून लगेच दोघांनी ती भरभर टाकली.

"ताई," रणजीत म्हणाला, "आता कुणासंगं जाईल?"

तो कॅनॉलकडे वळला, ती सरळ गेली. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: त्याने आणलं तिथून, त्याच्यासोबतच गेलं असेल. आणि त्याच्याच पाठोपाठ तिला त्याच्या घरातलं रांगतं लेकरू आठवलं, आणि आपल्या विचाराची किळस आली.

तिने फोन लावला.

"कुठंपर्यंत गेलास?"

"कॅनॉलवर हाय. थांबलो न्हाई. तुमी?"

"मी पण नाही."

दोघं फोन कानाला लावून चालत राहिले. त्याच्याकडचा वारा ऐकू येत होता, लांब कुठंतरी पाण्याचं इंजिन, आणि त्याच्या चपलांखाली मुरूम. घर दिसायला लागलं असेल, त्याचा श्वास जोरात होत होता.

"ताई, आसं घरात न्हाई जाता येणार," तो म्हणाला. "आत लेकरू हाय. मी इथंच थांबतो. फोन पायापाशी धरतो. मला भेव वाटतंय, मला धड ऐकू येणार न्हाई. तुमी ऐका."

"ऐकते."

चर्र, चर्र, चर्र. थांबलं.

वारा. इंजिन. एक शेळी ओरडली. करुणा इतका जीव कानात आणून ऐकत होती की समोरून आलेली सायकल तिला चाटून गेली. तिने चाल मोडली नाही. रणजीतच्या बाजूला सगळं स्वच्छ होतं. थांबलेल्या माणसाच्या मागे असावी तशी साधी शांतता.

"ऐकलं का?"

"ऐकलं. काहीच नाही रणजीत. काहीच वाजलं नाही."

"मी मागं बी बघितलं," तो म्हणाला. त्याचा आवाज सैल झाला होता, कितीतरी दिवसांनी. "रस्ता मोकळा हाय. वाट मोकळी हाय, ताई." मग त्याला सुचलं. "तुमी थांबल्या का?"

"हो," करुणा म्हणाली. "मी तर कधीच थांबले. घरासमोर उभी आहे. इथंही काही नाही."

त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"मंग ही पावलं कुणाची वाजून राहिली?"

रस्त्यावर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं, नुसत्या तिच्याच चपला वाजत होत्या. "लोक आहेत रस्त्यावर," ती म्हणाली. "सुट्टीचा दिवस. जा तू आत. रुपाला सांग, ताईनं काम बंद केलं."

"व्हय ताई," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बुद्धविहाराची भिंत आली, तिच्या बाजूने गल्ली वळली. लक्ष्मीबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर करून लेकीकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवून थोडी बाजूला सरकली, आत यायला वाट करून देत. करुणा दारापाशी आली. पाय वळवला की एक पायरी, मग उंबरा, मग घरातला सावलीचा गारवा. आत वडील भिवाजी खाटेवर पेपर वाचत होते, पंखा फिरत होता.

ती दारापुढून पुढे गेली.

"अगं, कुठं चाललीस?" आईने मागून विचारलं.

"येते," करुणा म्हणाली. तिने चाल कमी केली नाही. गल्ली संपली तिथून ती शाळेच्या बाजूला वळली, मग बाजाराच्या मागच्या रस्त्याला, मग परत मोठ्या रस्त्याला लागली, आणि चालत राहिली.